गुलाबसिंगचा लंबर

दारव्हा
दि. १२ नोव्हेंबर २००६

चि. दीपास,
संघदीपचा सप्रेम जयभीम. वि. वि.

तुझं पत्र परवा मिळालं. फोनवर मी दोन मिनिटांत भलतीकडे जातो, म्हणून सारं कागदावर लिही, असा तुझा हुकूम. लिहून राह्यलो. पण कागदावर मी भलतीकडे जाणार नाही हे तुले कोणी सांगितलं?

तुमच्या सरांनी एक चालता धंदा पाहायचा, त्यातली खोट शोधायची आणि सुधारून दाखवायची असं सांगितलं, अन् वर्गातल्या साऱ्यांनी कोणी मामाचं शोरूम, कोणी काकाची फॅक्टरी धरली, हे वाचून मी लय हसलो. आपल्याले मामा आहे, शोरूम नाही. म्हणून मी तुले गुलाबसिंगचा धंदा देतो.

दिवाळीपासून मी इथं काळीपिवळी जिपेवर बदली ड्रायव्हर आहे. लायसन ही एकच परीक्षा मी पहिल्या झटक्यात पास झालो, आईले रोज आठवण करून देतो. राजूरच्या खाणीवरचं काम काहून सोडलं ते मात्र विचारू नको. तिथं सगळं चांगलं होतं, फक्त रोज तिथंच जावं लागे.

जीप गुलाबसिंगची, दारव्हा ते दिग्रस. तो जवळच्या बंजारा तांड्यावरचा, चाळिशीचा, मले भिया म्हणते; त्याच्या बोलीत भाऊ. आमच्या स्टँडवर सोळा जिपा. चहाच्या टपरीवर शाळेतली एक पाटी टांगली आहे, तिच्यावर खडूनं सोळा नावं एकाखाली एक. ज्याचं नाव वर, त्याची जीप भरायची. भरली की ती निघाली अन् नाव गेलं सगळ्यात खाली. याले लंबर म्हणतात. पाटी मारोतराव सांभाळतात, स्टँडवरचे सगळ्यात जुने. लंबर आहे तर धंदा आहे. पाटीवरून नाव पुसलं तर जिपेत कोंबड्या पाळा. गुलाबसिंगले तो सासऱ्यापासून मिळाला. त्याची बायको सोनीबाई म्हणते की खरं लग्न लंबराशीच लागलं, मी त्याच्यासोबत फुकट आली.

औंदा कापसाले भाव नाही, बाजारात माणूस नाही, जीप भरायले दीड-दीड तास जाते. सोळा जिपा जास्त झाल्या, असं टपरीवर बोलणं सुरू झालं आहे. गुलाबसिंगले एकच धास्ती आहे, की उद्या एखादं नाव कमी करायची वेळ आली तर ते आपलं नसो.

टपरीसमोर एक पोपटवाला बसते. त्याचा पोपट भविष्याची चिठ्ठी काढतच नाही, गिऱ्हाईकाच्या खिशातला पेन काढते. मालक म्हणते, पेन काढला म्हणजे सरकारी नोकरी. माझा खिसा त्यानं दोनदा पाहिला अन् तोंड फिरवलं. सविस्तर पुढे कधी.

आईचे पाय बरे आहेत. लोभ आहे तेवढा पुरे. जास्तीचा असेल तर नागपूरच्या थंडीत तुलेच लागेल.

तुझा,
संघदीप


नागपूर
दि. २० नोव्हेंबर २००६

ति. दादास,
दीपाचा सविनय जयभीम. वि. वि.

तुझ्या पत्रानं काय काम केलं ऐक. आजवर मी वर्गात तोंड उघडलं नव्हतं. सगळे फाडफाड इंग्रजी बोलतात आणि माझं वाक्य तयार होईपर्यंत विषय बदलतो. काल सरांनी विचारलं, कोणाकडे वेगळा धंदा आहे का. मी उठून पाटी, सोळा नावं, सगळं सांगितलं. अर्धं मराठीत. या वेळी विषय कोणी बदलला नाही.

आता माझं म्हणणं नीट वाच. आम्हाला पहिल्याच महिन्यात शिकवलं की गिऱ्हाईक खरं काय विकत घेतो ते ओळखा. जिपेत बसणारा माणूस सीट घेत नाही, पोचण्याची वेळ घेतो. आणि तुम्ही त्याची तीच वेळ दीड तास खाता. गुलाबसिंगभाऊंनी ठरलेल्या वेळी निघावं. सकाळी साडेआठ आणि दुपारी दोन, जीप भरो न भरो. पहिले आठ दिवस रिकामी जाईल, मग लोकांचा भरवसा बसेल. बाकी पंधरा जिपा सारख्याच, ही एक वेगळी. असं वेगळेपण टिकवण्यालाच आमच्याकडे स्ट्रॅटेजी म्हणतात. लंबराची अडचण असेल तर या फेऱ्या स्टँडवरून करू नका, पुढच्या बँकेच्या कोपऱ्यावरून निघा. लंबराची फेरी वेगळी, वेळेची वेगळी. धास्ती आहे ना त्यांना? मग कमी करावंसं कोणाला वाटणारच नाही, असा धंदा करून दाखवावा.

पंधरा दिवस करून बघायला सांग. सरांना ही कल्पना फार आवडली.

आणि तू जेवत जा वेळेवर. पोपटाला तुझा खिसा कळला, मला पोट कळतं.

माया करतोस तशी करत राहा, फक्त उत्तर लवकर धाड.

तुझी,
दीपा


दारव्हा
दि. ६ डिसेंबर २००६

चि. दीपास,
सप्रेम जयभीम. वि. वि.

आज सकाळी चौकात बाबासाहेबांना वंदन करून आलो अन् लिहायले बसलो. चार दिवस लिहायची हिंमत होत नव्हती.

आधी चांगलं सांगतो. गुलाबसिंगनं तुझं ऐकलं. तांड्याच्या नायकानं सांगितलं असतं तर त्यानं दहा प्रश्न विचारले असते, पण एमबीएची पोरगी सांगते म्हटल्यावर नवं घड्याळ घेऊन आला. पहिल्या दिवशी तीन माणसं. पाचव्या दिवशी दोन मास्तर, दवाखान्यातली नर्सबाई, कॉलेजच्या पोरी. आठव्या दिवशी कोपऱ्यावर आमच्याआधी लोक हजर. गुलाबसिंग गाणं म्हणत गाडी चालवे.

आता दुसरं. त्या वेळी आमच्याच स्टँडवरच्या बाबूसिंगची जीप दहा दिवस गॅरेजात पडली होती. ती सुधारून आली त्या सकाळी पाटीवर पहिलं नाव त्याचंच. तो सातपासून स्टँडवर उभा, जिपेत चार माणसं. साडेआठ वाजत आले तसे ते चारही उतरले अन् बँकेच्या कोपऱ्यावर आले. आम्ही त्यांना बसवून निघालो. बाबूसिंग अकरापर्यंत रिकामा उभा होता.

दुपारी आम्ही परत आलो तर मारोतरावांनी ओल्या फडक्यानं गुलाबसिंगचं नाव पुसलं होतं. आवाज चढवला नाही. एवढंच म्हणाले, की बाबूसिंग घरी बसला होता तेव्हा त्याचा लंबर आम्ही घरी बसवला नाही, अन् तू तो उभा असताना पळवला.

म्हणजे असं, की जीप बिघडली, घरात दुखणं आलं, मयत झाली, तरी त्या माणसाचं नाव पाटीवर सगळ्यांसोबत वर सरकत राहते. वर आलं की दुसरा कोणी त्याच्या नावानं फेरी मारते अन् भाडं त्याच्या घरी देऊन येते. हे मी तुले लिहिलं होतं ना? मले वाटते लिहिलं होतं.

आता पंधराच नावं आहेत. दुसऱ्या कोणत्या लाईनवर पुसलेल्या माणसाले लंबर देत नाहीत. गुलाबसिंग रोज येते, जीप धुते, टपरीवर पाठ करून बसते. सोनीबाईनं चहा दिला, पण रोजच्यासारखा कप माझ्या हातात न देता जमिनीवर ठेवला.

तू मनाले लावून घेऊ नको. लोभ अजून असला तर कळव.

संघदीप


नागपूर
दि. ११ डिसेंबर २००६

ति. दादास,
सविनय जयभीम.

नाही, तू लिहिलं नव्हतंस. अख्खा परिच्छेद पोपटावर लिहिलास आणि हे राहिलं. वाचून आधी तुझाच राग आला. मग तुझं पहिलं पत्र पुन्हा काढलं आणि माझं उत्तर आठवलं. मी तरी कुठं विचारलं? पाटी कशाला आहे, असं मी एकदाही विचारलं नाही. ती रांग लावायला आहे असं धरून चालले, कारण नागपूरला रांगेचा दुसरा उपयोग मी पाहिला नाही.

गेल्या सेमिस्टरला विम्याचा आणि जोखमीचा धडा मी पाठ केला होता. जोखीम एकट्यानं उचलायची नाही, थोडी थोडी सगळ्यांनी वाटून घ्यायची. सत्तर मार्क पडले. तोच धडा टपरीवर खडूनं लिहिलेला होता आणि मी त्यातला एक माणूस बाहेर काढून त्याला हुशारी शिकवली.

तुम्हा ड्रायव्हरांची बैठक रविवारी असते ना? मी शनिवारी रात्रीच्या गाडीनं येते. मारोतरावांना सांग, तुळसाबाईची लेक दीपा भेटायला येते आहे. कशाला, ते मी सांगीन. कॉलेजात सोमवारी हजेरी लागते, तेव्हा चारच्या एसटीनं परतावं लागेल. आईला म्हणावं भाकरी बांधून ठेव, भाषण ठेवू नको.

माया कमी करू नकोस. सध्या दुसरीकडून मिळणार नाही.

दीपा


दारव्हा
दि. १८ डिसेंबर २००६

चि. दीपास,
सप्रेम जयभीम. वि. वि.

तुझी एसटी सुटली अन् मी धावत बैठकीत परत गेलो. तू अर्ध्यातून गेलीस, म्हणून पुढचं.

तू समजावून सांगायले आणलेला रंगीत तक्ता पिशवीतून काढला अन् तसाच आत ठेवला, ते मारोतरावांनी पाहिलं होतं. तू गेल्यावर त्यांनी मले विचारलं, की चूक माझी, गुलाबसिंगची नाही, असं पंधरा ड्रायव्हरांसमोर उभं राहून म्हणायचं, हे कॉलेजात शिकवतात काय. मी म्हटलं, हे आईनं शिकवलं असावं, माझ्या वेळी मी घरी नव्हतो.

पण बोलणी काही सरळ झाली नाहीत. एकानं स्पष्टच म्हटलं, की पोरीचं मन मोठं आहे, पण पंधरा नावांत लंबर लवकर येते. असं साल, आयतं एक नाव कमी झालं, ते परत कशाले चढवायचं. दोघं-तिघं मान हलवू लागले. गुलाबसिंग दाराजवळ उकिडवा बसला होता. त्यानं त्या माणसाकडे पाहिलं नाही, आपल्या चपलेकडे पाहिलं.

मग मारोतराव म्हणाले, नुकसान बाबूसिंगचं झालं, त्याले विचारा. बाबूसिंगनं तंबाखू मळायले घेतली ती संपेचना. शेवटी म्हणाला, की मी गॅरेजात होतो तेव्हा माझ्या नावाच्या तीन फेऱ्या झाल्या, त्यातल्या दोन यानंच मारल्या होत्या. एवढं बोलून उठला, पाटी उतरवली, अन् खडूनं सगळ्यात खाली गुलाबसिंगचं नाव लिहिलं. सोळावं. दीपे, मी लय ठिकाणी फिरलो, पण एवढ्या शांततेत कोणी एवढं मोठं अक्षर काढताना पाहिलं नाही.

तुझी वेळेची फेरीही वाया गेली नाही. नर्सबाई अन् मास्तर स्टँडवर येऊन भांडून गेलेच होते. तर आता असं ठरलं. सकाळी साडेआठले पाटीवर ज्याचं नाव वर असेल तो निघणार, भरो न भरो. जीप अर्धीच भरून गेली तर त्याचं नाव तळाशी न जाता मधल्या जागी, आठव्यावर. वेळ साऱ्या लाईनीची, कोणा एकाची नाही. बँकेचा कोपरा बंद.

सोनीबाईनं आज चहा हातात दिला. साखर कमी होती, ते चालते.

लोभ दोन्हीकडून चालू राहो, भरो न भरो.

तुझा,
संघदीप


नागपूर
दि. ८ जानेवारी २००७

ति. दादास,
सविनय जयभीम. वि. वि.

शनिवारी मी अहवाल वर्गात वाचला. आधी काय सुचवलं, त्यानं कोणाचा धंदा कसा बुडता बुडता राहिला, आणि ते कोणी सावरलं. मी सावरलं असं कुठेही लिहिलं नाही. एका मुलानं विचारलं की मग यात तुझं योगदान काय. मी म्हटलं, मी प्रश्न उशिरा विचारला. सगळे हसले, मीही हसले. सर हसले नाहीत. बाबूसिंगनं नाव लिहिलं तो भाग त्यांनी पुन्हा वाचायला सांगितला आणि म्हणाले, पुढच्या वर्षी हे पोरांना मी शिकवीन, पण तक्त्याशिवाय.

एक काम राहिलं आहे. सोबत एक छापील पान पाठवते. त्यावर धंद्याच्या मालकाची सही लागते, की या विद्यार्थिनीनं खरंच आमच्याकडे काम केलं. चौकट लहानशी आहे. गुलाबसिंगभाऊंची सही घे आणि लगेच धाड, शुक्रवारची मुदत आहे. नाव वाचता येईल असं करायला सांग.

संक्रांतीला तिळगूळ पाठवते. भांडू नकोस, नुसती माया कर.

तुझी,
दीपा


दारव्हा
दि. १० जानेवारी २००७

चि. दीपास,
सप्रेम जयभीम. वि. वि.

पान सोबत आहे. तुझ्या सरांना ते खराब वाटलं तर वाटू दे.

गुलाबसिंगनं ते वाचून घेतलं अन् सही करायले साफ नाही म्हणाला. जीप माझी आहे, धंद्याचा मालक मी कसा, असं त्याचं म्हणणं. एकट्यानं मालक होऊन पाहिलं, आठ दिवस पुरलं, म्हणाला. मी मुदतीचं सांगितलं. मग त्यानं पान मारोतरावांपुढे ठेवलं. त्यांनी चष्मा लावला, पाटी मांडीवर घेतली, अन् पाटीवर ज्या क्रमानं नावं होती त्या क्रमानं एकेकाले बोलावलं. कोणी सही केली, दोघांनी अंगठा दिला. चौकट तिसऱ्याच सहीत संपली. मग वर, खाली, बाजूनं. एकावर चहा सांडला, तो डाग खरा आहे.

माझ्याजवळ पेन होता, तो मी घाईनं दोनदा गुलाबसिंगच्या हातात दिला. दोन्ही वेळा त्यानं पुढच्याले दिला. आज तो पाटीवर पंधरावा होता. चौदा झाले तेव्हा उठला, हात पुसले, पानावर जागा शोधू लागला. जागा कुठंच नव्हती. मारोतरावांनी कागद फिरवला अन् ‘मालक’ या छापील शब्दाच्या अगदी खेटून एक बोट टेकवलं. तिथं त्यानं नाव लिहिलं, लहान अक्षरात, पुढे येणाऱ्याले जागा ठेवून.

मग सोळाव्यानं सही केली, अन् साडेआठची गाडी निघाली.

लोभ ठेव. तुले जमेल तेवढाच ठेव, कमी पडला तर इथं सोळा घरं आहेत.

तुझा भाऊ,
संघदीप