पाच वर्षांनंतरचा गट

७ जानेवारी
ही वही गजराबाईमुळे लिहावी लागते आहे. काल बचत गटाच्या बैठकीत तालुक्याच्या मॅडमनी कागद दिला : 'पाच वर्षांनंतरचा आपला गट कल्पा.' गजराबाईने विचारले, कल्पानं म्हणजे काय वं ताई, नवस करानं का? सगळ्या हसल्या. अध्यक्षांसमोर, म्हणजे माझ्यासमोर. अकरा वर्षे यांना मिरचीपूड पॅक करायला मी शिकवते आहे. वीस तारखेला अध्यक्ष निवडायची आहे. अर्थात नावापुरतीच.

८ जानेवारी, सकाळी ६
निश्चय. रोज पाच मिनिटे डोळे मिटून कल्पायचे. आज नवी शेड दिसली. दारात मी. घरात आमच्या ह्यांनी चहा मागितला. शेड गेली.

१० जानेवारी
मिरच्या वाळत घातल्या होत्या त्या पथारीपाशीच बायकांना उभे करून शिकवले. नुसती आशा बसल्या बसल्या करता येते. कल्पायचे तर भिंत कुठे, दार कुठे, दारात कोण, हे नेमके ठरवावे लागते. चांदबी म्हणाली, ताई, पहले मिरची पलटने दो, धूप जा रही है. उद्धट. बाकीच्या गप्प होत्या. म्हणजे समजले.

११ जानेवारी
घसा बसला. कल्पणे रद्द.

१५ जानेवारी
मॅडमचा फोन. पाच वर्षांनंतरच्या गटाचे चित्र जमिनीवर काढायचे, प्रत्येकीचा एक चिंचोका. माझ्यासाठी मोठा निवडून धुऊन ठेवला.

१६ जानेवारी
रांगोळीच्या भिंती, सुक्या मिरच्यांचे कुंपण. मला न विचारता दार पूर्वेला. आत गिरणी आखलेली, तिच्यापाशी नऊ चिंचोके. दारात गजराबाईचा. माझा लांब, एका चौकोनात. गजराबाई म्हणाली, ते तुम्हनं घर, ताई. तुम्ही ओटावर बठेल शेतस, चहा पी ऱ्हायनात. कोणी ठरवले, असे मी विचारले. तर म्हणे, तुम्हीच सांगं व्हतं ना, दारात कोण ते नेमकं ठरवानं.
मॅडमनी फोटो काढला. म्हणाल्या, किती छान कल्पलंय.

१७ जानेवारी
शांतपणे विचार केला. मला विश्रांती मिळावी ही त्यांची माया. मतदानाशी संबंध नाही. भाषण लिहिले, चार पाने.

२० जानेवारी
गजराबाईला दहा हात. मला एक. तो मीच वर केला होता. भाषण राहिले.

२१ जानेवारी
गजराबाईकडे सुपूर्द : इतिवृत्ताची वही, शिक्का, स्टॅम्प पॅड (कोरडे), गोडाऊनच्या दोन चाव्या, वजनकाटा. मिळाल्याची सही घेतली. रकान्याबाहेर गेली आहे. सही शिकवताना शंभर वेळा सांगितले होते.