दोन प्रवासांमधला वसंत

२२ फेब्रुवारी, रविवार
काल कच्छहून परत आलो. बॅगा अजून दारात आहेत. शरदिनी म्हणाली, निदान उघडा तरी. मी म्हणालो, कशाला, एप्रिलमध्ये सिक्कीम आहेच. तिनं माझ्याकडे पाहिलं आणि स्वतःची बॅग उघडून कपडे भिजत घातले. बायकोला दूरदृष्टी कमी आहे.

मधला काळ वाया घालवायचा नाही. बँकेतून रिटायर झालेली माणसं बाकावर बसून ब्लडप्रेशरच्या गप्पा मारतात. हा बिंदुमाधव त्यातला नाही. ठरलं ते असं. रोज पहाटे निसर्ग. रविवारी समाजसेवा. चित्रकलेचा क्लास. शिवाय मोहल्ल्यातल्या मराठी मुलांना मराठी शिकवणं, कारण ती आईलासुद्धा ‘मम्मी, खाना दो’ म्हणतात आणि कुणाला लाज वाटत नाही. बनारसचा वसंत फार टिकत नाही, तेव्हा सुरुवात उद्याच.

२३ फेब्रुवारी, सकाळी दहा
पहाट हुकली. प्रवासाचा शीण.
शरदिनी घराजवळच्या बालाजी घाटावर फिरून आली. म्हणाली, गंगेतल्या नावांमागे उडणारे पांढरे पक्षी परतायला लागलेत, थोडेच उरलेत, उद्या चला. मी म्हणालो, इतक्या लांबून आलेत, दोन दिवस थांबतील.

२६ फेब्रुवारी
पक्षी थांबले नाहीत. बेशिस्त.
तरी गच्चीवरून निसर्ग पाहिला. नवी दुर्बीण. डोळ्यांना लावली तेव्हा सगळं तपकिरी आणि केसाळ दिसलं. फोकस फिरवत बसलो. मग लक्षात आलं की समोर कठड्यावर माकड आहे. ते दुर्बीण घेऊन शेजारच्या गच्चीवर गेलं. शरदिनीनं केळं दाखवून परत आणली. एका बाजूची काच गेली. तसंही खऱ्या निसर्गप्रेमीला एक डोळा पुरतो.

१ मार्च, रविवार
मराठी वर्गाचं उद्घाटन. बैठक भरून मुलं. विषय घेतला, ‘काशीतील मराठी माणसाचं योगदान’. शिंदे घाट, भोसले घाट, सगळं आणलं. मुलं स्तब्ध. रुची म्हणून एक चुणचुणीत मुलगी आहे, तिनं हात वर केला. वाटलं, शंका आहे. म्हणाली, ‘काका, इंटरव्हल कब है?’
शरदिनीनं चिवडा आणला. त्यानंतर वर्गात चैतन्य आलं. ते माझ्या प्रास्ताविकाचं फळ.

४ मार्च
होळी. दुपारपर्यंत घराबाहेर पाऊल टाकू नये, हा आपल्या शहराचा अलिखित नियम. मी संध्याकाळपर्यंत पाळला. शरदिनी चारलाच बाहेर पडली आणि गुलाबी होऊन आली. या वयात! हसत होती. कुणी रंग लावला विचारलं तर म्हणाली, ‘सगळ्यांनी.’

७ मार्च
चित्रकलेचा क्लास सुरू. दुर्गाघाटावर कालिंदीताईंच्या घरी. ताई युनिव्हर्सिटीत चित्रकला शिकवायच्या. एकट्या राहतात, बोलतात मोजकं. शरदिनी आपली सोबत म्हणून आली. मी गंगा काढली, विस्तीर्ण. ताईंनी बराच वेळ पाहिलं आणि म्हणाल्या, ‘पाणी कमी घ्या.’
घरी येईपर्यंत त्यावर विचार करत होतो. केवढं सखोल! गंगेचं चित्र, आणि पाणी कमी घ्या. शरदिनी म्हणाली, अहो, ब्रशवर कमी घ्या म्हणाल्या, कागद फाटलाय. तिला प्रत्येक गोष्टीचा शब्दशः अर्थ घ्यायची सवय आहे.

८ मार्च, रविवार
मराठी वर्ग. मुलांची संख्या रोडावली. आजचा विषय समास. द्वंद्वापर्यंत पोचलो तोवर बैठक रिकामी. सगळी स्वयंपाकघरात. शरदिनी रुचीला पोळी लाटायला लावून विचारत होती, ‘कशी झाली?’ रुची म्हणाली, ‘वाकडी झाली, काकू.’ शुद्ध मराठीत! बाकीची मुलंही ‘जाड झाली’, ‘करपली’, ‘माझा नंबर कधी?’ असं ओरडत होती.
पाया मी घातला, हे कुणी बोललं नाही. नको. मीही बोललो नाही. फक्त रात्री जेवताना एकदा, आणि हात धुताना एकदा.

१४ मार्च
क्लासमध्ये शरदिनीचं चित्र भिंतीवर लावलं. सेमलचं, म्हणजे आपल्या काटेसावरीचं, लाल फूल. बरं आहे. नवख्यांना उत्तेजन द्यावंच लागतं. ताई माझ्या चित्राजवळ आल्या, थांबल्या, आणि पुढे गेल्या. मला उत्तेजनाची गरज नाही हे त्यांनी ओळखलं.

शरदिनीला सेमल कुठे दिसलं? म्हणाली, युनिव्हर्सिटीत, रस्त्याच्या दोन्ही बाजूंना लाल सडा आहे, तुम्ही ई-रिक्षात सिक्कीमची हॉटेलं बघत होतात.
मग आणखी म्हणाली. कच्छमध्येही असंच झालं. सगळ्या प्रवासात मी ‘चला, चला’ करत पुढे, आणि तिनं रण कमी, माझी पाठच जास्त पाहिली.
वाईट वाटलं. तिच्या चालण्याच्या वेगाबद्दल. सिक्कीममध्ये तिला पुढे ठेवीन.

१९ मार्च, गुढीपाडवा
गुढी उभारली. मुलांनी आमच्या दारात मराठीत नाटुकलं केलं. शरदिनीनं बसवलेलं. आयांनी डोळे पुसले. मी समारोपाचं भाषण आणलं होतं, पण तोवर श्रीखंड वाटायला सुरुवात झाली आणि भाषणाची वेळ निघून गेली. मुलांनी एकसुरात ‘काकू झिंदाबाद’ म्हटलं. झिंदाबाद हा शब्द मराठी नाही, हे मी दाखवून दिलं.

२२ मार्च, रविवार
समाजसेवेला अखेर मुहूर्त लागला. (आधीच्या रविवारी टोपी मिळाली नव्हती. त्याआधी ग्लोव्हज.) भोसले घाटावर यज्ञेशची टोळी सफाई करते. यज्ञेश रेल्वेत आहे, मुलगा बरा, फक्त सल्ला ऐकत नाही. मी पोचलो तोवर काम संपत आलं होतं. शरदिनी तिथे आधीपासूनच. म्हणे दर रविवारी पहाटे येते. मला सांगितलं नाहीस? म्हणाली, सांगितलं, तुम्ही ‘हूं’ म्हणालात आणि कूस बदललीत.

फोटोसाठी निर्माल्याचा ढीग उचलायला वाकलो. फोटो निघाला. मी मात्र सरळ होईना. कंबरेत अशी उसण भरली की यज्ञेशनं चौघांना हाक मारली. पायऱ्या चढणं शक्य नव्हतं. शेवटी नावेत, झेंडूच्या पोत्यांवर, आडवा घालून बालाजी घाटाकडे आणलं. ऊन लागू नये म्हणून शरदिनीनं अंगावर पांढरी चादर टाकली. समोरून यात्रेकरूंची नाव आली. सगळ्यांनी मला पाहून हात जोडले. एका म्हाताऱ्यानं तर ‘राम नाम’सुद्धा घेतलं. समाजसेवेची अशी दखल या देशात क्वचितच घेतली जाते. मी झोपल्या झोपल्याच हात हलवून नमस्कार स्वीकारला. त्यांच्या नावेत किंचाळ्या ऐकू आल्या.

२४ मार्च
डॉक्टर म्हणाले, सक्तीची विश्रांती, डोंगराळ भागातला जीपचा प्रवास विसरा. सिक्कीम रद्द. शरदिनीला केवढं वाईट वाटेल! तिला आधार द्यायला हवा.

२७ मार्च
मनाचा मोठेपणा दाखवला. म्हणालो, माझ्यासाठी अडकू नकोस, तू जा. ती कपड्यांच्या घड्या घालत राहिली. अर्थातच. मला असं सोडून ती कुठे जाते?
थोड्या वेळानं पुन्हा म्हणालो, खरंच जा.
ती म्हणाली, ‘बरं.’
तिसऱ्यांदा म्हणायला जागाच उरली नाही.

२८ मार्च
माझ्या जागी कालिंदीताई जाणार आहेत. मी गुपचूप ट्रॅव्हलवाल्याला फोन केला. म्हटलं, ऐन वेळी नाव बदलता येत नसेल ना? म्हणाला, नाही बदलता येत सर, पण तुमच्यासाठी करून टाकतो.

५ एप्रिल, रविवार
दोघी गेल्या. यज्ञेशनं गाडीनं मुगलसरायला पोचवलं. स्टेशनचं नाव कधीच बदललंय, पण आमच्या तोंडी हेच. मी दारातून हात केला. वाटलं, गल्लीच्या वळणावर ती मागे वळून बघेल. तिथे गाय आडवी होती, त्यामुळे बघता आलं नसेल.
जेवणाचा डबा शेजारून येतो. छान असतो.

८ एप्रिल
आता एकांत. खरं काम एकांतातच होतं. उद्यापासून पहाटे उठणार.

९ एप्रिल
उठलो. खरंच. कंबर जरा बरी. काठी घेऊन घाटावर गेलो. पाणी खाली गेलंय, हवा गार होती. कुठेतरी कोकीळ ओरडत होता. बाजूला वळून ‘ऐकलंस?’ म्हणालो. बाजूला एक गृहस्थ दात घासत होते. मान हलवली त्यांनी.

१२ एप्रिल, रविवार, संध्याकाळ
सकाळी मुलं दारात आली. मी खुर्ची ओढून तयारीत. रुची म्हणाली, ‘काकू आल्या का?’ म्हटलं नाही, पण मी आहे. मुलांनी एकमेकांकडे पाहिलं. रुची फार सभ्यपणे म्हणाली, ‘मग तुम्ही आराम करा, काका.’ अगदी स्वच्छ मराठी. एकही हिंदी शब्द नाही. दार लावून घेतलं.

आत्ताच शरदिनीचा फोन येऊन गेला. बर्फ, दऱ्या, डोंगरावर लाल फुलांची झाडं. कालिंदीताई एका वळणावर दोन-दोन तास चित्र काढत बसतात, आणि ही त्यांच्या शेजारी. कुणी घाई करत नाही. ती बोलत होती, बोलत होती. इतकं बोलते ती? मला माहीत नव्हतं. म्हणजे माहीत असणारच, लक्षात नव्हतं.
मग विचारलं, ‘तुमचं कसं चाललंय?’
मी जरा सावरून बसलो. पहाटेचं सांगायचं होतं, कोकिळाचं. सुरुवात करतोय तोच ती कुजबुजली, ‘थांबा हं, पक्षी आलाय.’ आणि फोन तसाच हातात धरून बघत राहिली असावी. पलीकडून वारा ऐकू येत होता, तिचा श्वास, कालिंदीताईंचं हळूच ‘बघ, बघ’. पक्षी काही बोलला नाही. बराच वेळ.

मी फोन ठेवला नाही. बॅटरी भरपूर होती, म्हणून.