भोक, ठिगळ आणि आत्या

तीर्थरूप काकांना साष्टांग नमस्कार (लिहिण्यापुरता, खरोखर वाकले तर कंबर धरते). तुमचा खोकला कसा आहे? काकूची नजर चुकवून सिगारेट ओढत नाही ना?

विनंती एकच. तुमच्या बहिणीला, म्हणजे आमच्या आत्याला, परत बोलावून घ्या. माझा नवरा रुसून माहेरी (आपल्या आईकडे) गेलाय, हे मी कुणालाच सांगितलं नव्हतं. घर कसं शांत होतं. कुणी विचारत नव्हतं, मी रडत नव्हते. तेवढ्यात आत्याने न कळवता येऊन दारात बॅग आपटली आणि शेजाऱ्यांनाही ऐकू जाईल अशा आवाजात विचारलं, "जावई कुठायत?" तेव्हापासून ती त्यांना रोज फोन करते. रुसव्याबद्दल चकार शब्द नाही. इस्त्री कुठे ठेवलीय, गॅसचं बटण कुठल्या बाजूला फिरतं (जन्मभर स्वयंपाक केलेल्या बाईने हे विचारावं!).

माझं कामही तिने बुडवलं. मी काचेच्या बारीक सुईने पेशीच्या आवरणाला भोक पाडते (याचा मला पगार मिळतो). भोकातून बाहेरचं कॅल्शियम आत घुसतं, आत एकच धांदल उडते, आणि आतल्या चिमुकल्या पिशव्या धावत येऊन भोकाला ठिगळ लावतात. परवा द्रावण बनवताना आत्याचा फोन आला, जावयाला आमटी तिखट लागते की कमी तिखट, आणि मी कॅल्शियम घालायचंच विसरले. मग काय, भोकं पाडत बसले. गडबड नाही, धावपळ नाही. सगळ्या पेशी निमूटपणे मेल्या. आमच्या प्रयोगशाळेच्या बाई म्हणाल्या, "अगं, कॅल्शियम घुसलंच नाही, तर पेशीला कळणार कसं आपण फाटलोय ते?" मी मान खाली घालून भांडी धुतली.

तर काका, तिला न्या.

तुमची पुतणी

ता. क. पत्र टाकायचं राहिलं. आज सकाळी स्वयंपाकघरातला नळ गळायला लागला. काल चांगला धड होता. आत्याने जावयाला कळवलं की प्लंबर मिळत नाही (तो खालच्याच मजल्यावर राहतो). हे पाना घेऊन आले आणि मघापर्यंत मी सिंकखाली टॉर्च धरून बसले होते. बोलणं झालं नाही; फक्त "जरा इकडे धर" म्हणाले. काका, मला हा माणूस घरात हवाय हो. त्यांना सांगायला जीभ रेटत नाही, म्हणून तुम्हांला लिहिते.

आणखी एक ता. क. नळ झाला. हे हात पुसून चपला शोधताहेत, आणि आत्या गीझरकडे बघतेय. तिचा गुडघ्याचा पट्टा आणि दुसरा चष्मा तेवढा पाठवून द्या. तिला बोलावू मात्र नका.