हळदीत बुडवलेली पांढरी साडी

आई, तुझ्या त्या विधवेच्या सिनेमाला आता रंग चढवतायत. लोअर परळला जुन्या गिरणीच्या आवारात एक काचेचं ऑफिस झालंय, तिथं कॉम्प्युटरवर हे काम चालतं. गेल्या आठवड्यात तिथल्या एका मुलीचा फोन आला. "आजी, तुमच्या आई स्टुडिओत कपडेपट बघायच्या ना? हिरॉइनच्या साडीबद्दल विचारायचं होतं." मी खुर्चीत बसलेच. इतक्या वर्षांनी कुणाला तरी तुझी आठवण झाली म्हणायची! नाहीतर सिनेमाच्या पाट्यांवर तू कुठेच नाहीस. 'कपडेपट : स्टुडिओ', एवढंच. जशा काही साड्या स्टुडिओच्या भिंतींनीच निवडल्या. राण्या, मोलकरणी, संतांच्या बायका, सगळ्यांना तू नेसवलंस, निऱ्या धरून त्यांच्या पायाशी बसलीस, आणि नाव मात्र एकदाही लागलं नाही. यावरून मी तुझ्याशी किती भांडायचे! तू आपली हसायचीस. ती मुलगी पुढं म्हणाली, साडीमागे काही खास गोष्ट असेल तर सांगा, सिनेमा पुन्हा लागेल तेव्हा सुरुवातीलाच ती गोष्ट आणि तुमच्या आईंचं नाव टाकू.

गोष्ट आहे, हे तुझ्यामाघारी आता मला एकटीलाच ठाऊक. लालबागच्या आपल्या खोलीत स्टोव्ह फरफरतोय, त्यावर पितळेचं मोठं पातेलं, आणि हळदीच्या पाण्यात तू एक कोरी पांढरी साडी सोडतेयस. मी दुसरीत असेन. "कुणाचं लगीन गो?" मी विचारते. तू म्हणतेस, "लगीन नाय नि काय नाय. कालथा धर नि ढवळ. डाग पडता नये." साडी बाहेर निघते तेव्हा इतकी फिकट पिवळी, की उन्हात धरली तरच कळावं. मग ती गॅलरीत न वाळवता तू आतच दोरी बांधून वाळवतेस आणि दिवसभर आम्ही तिच्याखालून वाकून ये-जा करतो.

तेव्हाचे सिनेमे काळे-पांढरे. पांढरा कपडा दिव्यांखाली असा फटफटायचा की नटीचा चेहराच दिसेना. म्हणून तुम्ही सगळेच पांढरे कपडे चहाच्या पाण्यात बुडवून काढायचात, म्हणजे पडद्यावर ते नीट पांढरे दिसत. तू त्या वेळी चहा सोडून हळद घेतलीस. दिग्दर्शकांना काय, पांढरं दिसलं की झालं. त्यांना वाटलं, बाईंची नवी युक्ती. पण युक्ती कसली! ती नायिका त्याच वर्षी खरोखर विधवा झाली होती. गिरगावातलं कडक सासर, घरी पांढरी साडी, रिकामं कपाळ. भूमिका विधवेची आहे म्हणून तर सासऱ्यांनी कामाला जाऊ दिलं. पहिल्या दिवशी तू पांढरी साडी पुढं केलीस तेव्हा ती एवढंच म्हणाली, "बाई, घरी हेच, आता इथंही हेच का हो?" तू घरी येऊन पातेलं चढवलंस. अगं, विधवेला हळद! बायकांनी हळदीकुंकवाला दारात उभं केलं नसतं तिला. सासरी कुणकुण लागती तर तिचं काम त्याच दिवशी सुटलं असतं. म्हणून तू तिला शब्द दिलास, कुणाला सांगणार नाही.

मी कॉलेजात गेल्यावर तू मला हे सगळं सांगितलंस. तोवर मला फक्त चिमटा माहीत होता. दादरच्या थिएटरात आपण तो सिनेमा बघत होतो, ती पडद्यावर आली आणि मी ओरडले, "आई, ही साडी तर पिवळी होती!" असा काही चिमटा काढलास की मी मध्यंतरापर्यंत मुसमुसत होते. मग वडा घेऊन दिलास.

तर परवा मी गेले त्या ऑफिसात, आणि सगळं सांगायचं ठरवूनच गेले. म्हटलं, आता ती नायिका गेली, तिच्या सासरचे गेले, तू गेलीस. शब्द तुझा होता, माझा नाही. त्यांनी साडी पांढरीच रंगवली होती. मी म्हटलं, "पोरी, जरा पिवळी करून दाखव गं. अगदी फिकी." तिनं पडद्यावर पिवळ्याच्या ढीगभर छटा मांडल्या. आता यातली तुझी कुठली? दिव्यांनी हळद उडायची, तू परत बुडवायचीस, दर वेळी निराळी उतरायची. मला बरी वाटली ती दाखवली.

आणि तो प्रसंग सुरू झाला. नायिका खिडकीत बसून बोटांनी पदर उलगडते, तो. बघणारे त्या जागी डोळे पुसायचे, नवऱ्याची आठवण काढतेय म्हणून. मीही तेच समजत आले. पण साडी पिवळी झाली तसं मला दिसलं. आई, तिला कसलीच आठवण येत नाहीये. ती तो पदर उजेडात धरून बघतेय. रंग बघतेय गं ती! ओठांच्या कडेला किंचित हसू आहे, ते कुणालाच कधी दिसलं नाही. मला ते बघतानासुद्धा अवघडल्यासारखं झालं, कुणी आरशासमोर एकटं असावं आणि आपण दार ढकलावं तसं.

"वॉव," ती मुलगी म्हणाली, "पण विधवा आहे ना ती? पिवळी का?"

मी म्हटलं, "माझीच काहीतरी गफलत. पांढरीच ठेव."

"आणि गोष्ट?"

"गोष्ट कसली? लाइटसाठी चहात बुडवायचे, बस."

"ते तर सगळेच करायचे ना, आजी?"

"हो. सगळेच करायचे."

तिनं मान डोलावली आणि साडी परत पांढरी केली. मला खाली रिक्षा नाही, टॅक्सी मिळेल म्हणून सांगितलं, दारापर्यंत सोडायलाही आली. चांगली आहे पोरगी.

हे पाठवायचं कुठेच नाही, म्हणून तुला खरं सांगते. घरी येऊन मी खूप रडले, आणि ते तिच्यासाठी नव्हे. महिन्याभरात सिनेमा लागेल, पाट्या सरकतील, तू त्यात नसशील. तुला चाललं असतं, माहीत आहे मला. मला नाही चालत गं.