हलकं रिव्हॉल्व्हर

ग्लासगो
शुक्रवार, २६ सप्टेंबर २०२५

ती. देवयानीताईस,
सा. न. वि. वि.

हो, पत्र. हसू नकोस. फोनवर तू मधेच बोलतेस, मग मी भडकतो, मग दाजी फोन घेतात आणि ग्लासगोचं हवामान विचारतात. पत्रात तुला मधे बोलता येत नाही.

इकडे सगळं ठीक. हीटर सुरू केला. तू दिलेलं मेथकूट संपलं, भाजणी तशीच आहे. कॉलेज ठीक.

गेल्या वर्षी तुमच्या रीडिंग गावच्या मराठी मंडळात खंडेनवमीला काय पूजलं, आठवतं? दोन लॅपटॉप, दाजींचं ड्रिल आणि कुणाच्या तरी गाडीची किल्ली. मी म्हणालो होतो, अरे, एक तरी खरं शस्त्र ठेवा रे पाटावर! सगळे हसले होते. तर यंदा मिळालंय.

रिव्हॉल्व्हर. किंचाळू नकोस, बेकायदा नाही. सव्वाशे वर्षांपूर्वीचं आहे, त्याच्या गोळ्या बनणं कधीच बंद झालं, म्हणून इथे ते शोभेची वस्तू म्हणून विकता येतं. नदीजवळच्या गल्लीत एका म्हाताऱ्याचं जुन्या वस्तूंचं दुकान आहे, तिथे काचेखाली होतं. मुठीचं लाकूड एके ठिकाणी झिजलंय. माझा अंगठा बरोब्बर तिथेच बसतो.

पहिल्या दिवशी उचललं तर मनगट वाकलं, इतकं जड. दुसऱ्या खेपेला तेवढं नाही. म्हटलं, हाताला सवय झाली. तिसऱ्या खेपेला किल्ल्यांच्या जुडग्याएवढं. आणि काल, ताई, हातात काही आहे की नाही ते खाली बघून ठरवावं लागलं.

म्हातारा दर वेळी विचारतो, "आज कसं लागतंय?" काल मी ऐटीत म्हणालो, "हलकं. एकदम हलकं." तो घड्याळ पुसत होता. पुसायचा थांबला.

थांब. कॉलेज ठीक नाही. जूनमध्येच सोडलं. व्हिसाचं पत्रही आलंय, साठ दिवसांची मुदत आहे, त्यातले वीस गेले. बाबांना मी सांगेन. तू सांगू नकोस.

आणि पूर्वीने साखरपुडा केला हे मला फोटोंतून कळलं. तुला माहीत होतं. तू फोनवर नवरात्राच्या फराळाबद्दल अर्धा तास बोललीस आणि ते एक वाक्य गिळलंस. तुमच्याच मंडळातला तो प्रणव, टायमर लावून आरती म्हणणारा! मी मँचेस्टरला होतो तेव्हा दोन वर्षं ती माझ्याबरोबर ट्रामचं शेवटचं स्टेशन येईपर्यंत उगाच बसून राहायची, आणि शेवटी म्हणाली काय, "जितू, तुझ्या रागाची मला भीती वाटते." मला राग येतो म्हणे. आलाच मग!

बुधवारी पूजेला ती दोघं जोडीने येणार आहेत. हेही फोटोंखाली वाचलं.

मी काही करणार नव्हतो. नुसतं पाटावर ठेवणार होतो. त्याने बघावं, एवढंच. त्याचा चेहरा उतरलेला तिने बघावा. फार तर हातात घेतलं असतं. गोळ्याच नाहीत म्हटल्यावर काय होणार, असं मी स्वतःला रोज सांगतोय. इतकं रोज का सांगावं लागतं, हे मात्र विचारलं नाही.

तर काल म्हाताऱ्याने एक वही काढली. ही एकच वस्तू विकताना तो गिऱ्हाइकाकडून लिहून घेतो, का हवंय ते, गिऱ्हाइकाच्याच हाताने. वस्तू परत आली की शेजारी परत का आणलं ते. मला वाटलं दोन-चार नोंदी असतील. पानंच्या पानं निघाली. आजोबा सैन्यात होते म्हणून. भिंतीवर लावायला. नाटकासाठी. आणि शेजारी प्रत्येकाच्या वेगळ्या अक्षरात एकच: जड झालं. घरात जड झालं. उचलवेना.

मधल्या एका पानावर मराठी. ऑक्टोबर १९९९. माझ्यासारखंच डावीकडे कललेलं अक्षर. "नुसतं जवळ असावं म्हणून. उदय."

त्याच्यापुढची जागा कोरी.

मी म्हटलं, "याने परत आणलं नाही? मग हे इथे कसं?"

म्हातारा म्हणाला, "त्याला ते जड झालंच नाही, पोरा. तोही तुझ्यासारखंच सांगायचा, हलकं, आणखी हलकं. मी विकलं, तेव्हा मला समजत नव्हतं. परत त्याची बहीण घेऊन आली. दोन्ही हातांनी उचलून आणलं तिने. दारात दोनदा थांबली."

उदयचं काय झालं ते मी विचारलं नाही.

तरीही मी ते माझ्या नावावर राखून ठेवायला सांगून आलो, ताई. ही सोबतची चिठ्ठी त्याचीच. बुधवारी पाच वाजेपर्यंत जो ही घेऊन जाईल, त्याला ते मिळेल. नाही गेलो तर तो ते नदीपलीकडच्या पोलिसांकडे नेऊन देणार आहे. म्हणाला, एवढी वर्षं नेलं नाही, ही माझी चूक.

ही चिठ्ठी माझ्याजवळ राहिली तर मी जाईन. म्हणून तुझ्याकडे पाठवतोय. बुधवारी ती पाटावर ठेव, हळदकुंकू वाहा. पूजेतली वस्तू त्या दिवशी उचलायची नसते. लहानपणी मी पाटावरची कंपासपेटी उचलली तेव्हा तू पाठीत धपाटा घातला होतास, अजून लक्षात आहे. मंडळात नको, घरच्या पाटावर ठेव.

मी मंगळवारी संध्याकाळच्या गाडीने येतो. मला मंडळात नेऊ नकोस. भाजणी आणतोय, चकल्या कर.

एक सांगायचं राहिलं. हे लिहिताना डाव्या हाताने कागद धरलाय आणि उजव्यात पेन. मधेमधे पेन खाली ठेवतो, तरी मूठ मिटलेलीच राहते. आत काही नाही. कालही आत काही नसल्यासारखंच लागत होतं.

तुला दोन्ही हातांनी काही उचलून आणायला लागू नये.

स्टेशनवर आलीस की आधी माझा उजवा हात धर. जड लागला तर बरं. हलका लागला तर सोडू नकोस.

तुझा,
जितू