फिरवून न पाहिलेला आरसा

पनवेल,
१२ फेब्रुवारी २०११

प्रिय देवेश,

'प्रिय' सवयीनं आलं, हुरळून जाऊ नकोस. काटेकोर मोजमापावर भाषण ठोकलंस म्हणून हैदराबादेत तुला शाल मिळाली, तिचा फोटो पोचला. शोभली हो तुला! वर्कशॉपमध्ये सगळ्यांनी पाहिला. काशिरामकाकांना मात्र दाखवता आला नाही. बावीस वर्षं आरसे घासणाऱ्या त्या माणसाला तुझ्या रिपोर्टनं घरी बसवलं. आता ते जासईला कंटेनर यार्डच्या गेटवर पावत्या तपासतात.

आठवतो ना तो दुर्बिणीचा आरसा? काचेचा पृष्ठभाग मोजणाऱ्या इंटरफेरोमीटरच्या पडद्यावर प्रकाशाच्या पट्ट्या वाकल्या. पृष्ठभागाच्या उंचसखलपणाच्या नकाशात समोरासमोरच्या दोन कडा लाल, उरलेल्या दोन निळ्या. केसाच्या जाडीच्या हजाराव्या भागाएवढा पीळ, आणि तू लगेच ठोकून दिलंस की काका म्हातारे झाले, त्यांचा हात कापतो. नाचता येईना अंगण वाकडं, दुसरं काय! अरे, शिकाऊ माणसालाही ठाऊक असतं, आरसा नव्वद अंशांनी फिरवून पुन्हा मोजायचा. दोष काचेत असेल तर तो काचेबरोबर फिरतो. जागेवरच राहिला, तर खोट आरसा धरणाऱ्या स्टँडची. पण साहेब, तुम्हाला जेवायला उशीर होत होता.

मंगळवारी मी तो आरसा फिरवला. लाल रंग जागचा हलला नाही. तू आवळून ठेवलेला स्टँडचा स्क्रू सैल केला, तर पट्ट्या सरळ. काच पहिल्यापासून निर्दोष होती.

तशीच उठून जासईला गेले. काका चिडले असते तर बरं झालं असतं. त्यांनी चहा मागवला आणि एवढंच विचारलं, "सही करायच्या आदी तू फिरवून बगितलं नाय का गं पोरी?" रिपोर्टवर तुझ्या सहीखाली माझी सही आहे. तू म्हणालास म्हणून डोळे मिटून केलेली. प्रेमात अक्कल गहाण टाकतात ती अशी! तुझी किळस येते देवेश, पण माझी मला त्याहून जास्त येते.

म्हणून हे पत्र. आज मालकांना सगळं लिहून दिलं. चुकलेल्यांत पहिलं नाव माझं, दुसरं तुझं. सोमवारपासून काका कामावर येतायत. मला ठेवायचं की काढायचं, ते मालक ठरवतील. आपला साखरपुडा मी मोडलाय, पण तुझ्या आईंना ते मी सांगणार नाही. तू सांग, आणि का मोडला तेही सांग. एकदा तरी दोष दुसऱ्याच्या अंगावर न ढकलता बोल.

आजपासून तुझी नव्हे,
पद्मजा