क्षमस्व न म्हणण्याची पैज

१२ एप्रिल, रविवार

नाक शाबूत आहे! आज आयुष्यात प्रथमच कोणीतरी माझ्या तोंडावर ठोसा मारला — आणि 'क्षमस्व' मीच म्हटले.

दादूकाका रिंगच्या दोरावर वाकून हसत होते. "अगो, मार तूच खाल्लास नि माफी पण तूच मागतेस?" जुन्या बर्फकारखान्याच्या शेडमधली सगळी मुले हसली. कोणी शाळेने काढलेली, कोणी घरातून पळालेली, एकदोघे पोलीस चौकी पाहून आलेली. दादूकाका त्यांना मुष्टियुद्ध शिकवतात. मी जानेवारीपासून त्यांना मराठी शिकवायला जाते.

मे महिन्यात चाकरमानी गावी आले की या वर्गाच्या मदतीसाठी सामने होतात. लढणारे हौशी — बँकेतले, दवाखान्यातले. आणि ही मुले त्यांच्या कोपऱ्यात उभी राहून पाणी देतात, घाम पुसतात, ओरडून सूचना करतात. यंदा पालीच्या औषध दुकानातल्या तेजस्वीताईंच्या वजनाची दुसरी कोणी मिळेना. दादूकाकांनी माझ्याकडे पाहिले. मला 'नाही' म्हणता आले नाही. कधीच येत नाही!

माझ्या कोपऱ्यात लायबा असेल. आजचा ठोसा तिचाच!

१५ एप्रिल, बुधवार

लायबाविषयी लिहायला हवे. मिरकरवाड्याची, वडील जहाजावर, नववीत होती. मी शिकले त्याच शाळेत. मराठीच्या तासाला सरांनी तिचा निबंध वर्गासमोर वाचला आणि विचारले, "हे मराठी की मासळीबाजार?" वर्ग हसला. लायबाने डस्टर उचलून फेकला. सरांचा चष्मा फुटला. तेव्हापासून ती घरी.

मुख्याध्यापिकाबाई म्हणतात, जूनमध्ये परत वर्गात घेऊ; मात्र तिने आधी सरांची क्षमा मागावी. तिची आई रोज विनवते. लायबाचे उत्तर एकच : "माझ्या बोलण्यावर ते हसले, नि सॉरी मी बोलू? नाय!"

शाळा सुरू होईपर्यंत क्षमा मागितली नाही, तर दार बंद. मग ती काय करील, या विचाराने मला झोप लागत नाही.

आणि ते सर माझेही सर आहेत. 'सॉरी' ही पळवाट आहे, 'क्षमस्व' म्हणावे — हे त्यांनीच मला शिकवले. शाळेच्या गुणवंतांच्या फलकावर माझे नाव आहे ते त्यांच्यामुळे. एवढे ऋण असलेल्या माणसाविषयी मनात राग कसा धरावा? लायबाला हे सांगण्याचे धैर्य झाले नाही.

२३ एप्रिल, गुरुवार

सांगितले. ती म्हणाली, "ठाऊक हाय. फलकावर तुमचं नाव रोज वाचायची. वाटायचं, कोण ही ज्ञानेश्वरी, एकदा हिला गुद्दा मारायचाय!"

मारूनच बसली आहे की!

मग मी तिला तो निबंध विचारला. तिला तो पाठ होता. भिंतीकडे बघून म्हणाली, "माझे अब्बा जहाजावर हायत. ते फोन करतात तेव्हा त्यांच्या मागून समुद्र पण बोलतो. अम्मी बोलते, आधी ह्याला गप करा."

मी पदवीच्या तिसऱ्या वर्षापर्यंत एवढे निबंध लिहिले, बक्षिसे घेतली. असे एक वाक्य मला सुचलेले नाही.

"'हायत' वर हसले," ती म्हणाली. "पुढचं कोणी ऐकलंच नाय."

जाताना तिने पैज मांडली. "ताई, तुम्ही मॅचमध्ये एकदापण क्षमस्व बोलायचं नाय. नाय बोललात, तर मी शाळेत जाऊन सॉरी बोलेन."

"आणि म्हटले तर?"

"तर तुमचे सर नि त्यांचा चष्मा. मी जात नाय."

हात पुढे केला. मी तो हातात घेतला. काय करून बसले मी!

२ मे, शनिवार

डावा ठोसा जमू लागला. आईने विचारले, "चष्मा काढून लढणार? मग तुला समोरची दिसणार कशी?" म्हटले, न दिसलेलीच बरी.

आज दिवसभरात किती वेळा क्षमस्व म्हटले हे लायबा मोजत होती. एकदा तर खुर्चीला म्हटले.

१० मे, रविवार

ओठ सुजला आहे. तरी लिहितेच.

काल संध्याकाळी मैदानात केवढी गर्दी! मुंबईहून आलेले काका-मामा, पहिल्या रांगेत आंब्याच्या पेट्यांवर बसलेली पोरे. लायबाने माझ्या तोंडात दातांचे रबर बसवले आणि कानात म्हणाली, "घाबरलात तर माझ्याकडे बघा. चष्मा नसला तरी मी दिसेन, लाल ओढणी घातलेय."

पहिल्या फेरीत मी केवळ मार खाल्ला. दुसऱ्या फेरीत कसा कोण जाणे, डावा हात सरळ गेला आणि तेजस्वीताईंच्या नाकावर बसला. रक्ताचा थेंब दिसला. त्यांच्या डोळ्यांत पाणी आले. आणि माझ्या तोंडून, रबरातून, निघाले —

"फमफ्व!"

पंचांनी दचकून पाहिले. तेजस्वीताई नंतर मिठी मारून म्हणाल्या, "काय गो, मध्येच शिंकलीस का?" साऱ्यांना ती शिंकच वाटली. गुणांवर त्या जिंकल्या. टाळ्या मात्र दोघींना.

कोपऱ्यात येऊन मी लायबाला म्हटले, "हरले."

"मॅच तर हरलातच."

"नाही. पैज."

तिने माझे तोंड पुसले. बराच वेळ पुसत राहिली. "ऐकलं मी," एवढेच म्हणाली.

गप्प बसले असते तर? तिनेही शिंक समजून सोडून दिले असते का? पण तिच्याशी खोटे बोलावेसे वाटले नाही. माझ्या कोपऱ्यात आजवर असे कोणी उभे राहिले नव्हते. तिचे, दादूकाकांचे, तेजस्वीताईंच्या नाकाचेही आभार!

१८ मे, सोमवार

लायबा वर्गाला आलेली नाही.

१४ जून, रविवार

दुपारी दारात लायबा! भिजलेली, हातात ओली छत्री.

"उद्या शाळा उघडते. मी जातेय."

"पण पैज तर —"

"पैज हरलात तुम्ही. पण बाकी कोणाला कळलं नव्हतं, तरी आपणहून बोललात." मग छत्री झटकत, माझ्याकडे न बघता : "याल ना? काय बोलायचं नाय हां. फक्त कोपऱ्यात उभं रहायचं."

१५ जून, सोमवार

सर म्हणाले, "ज्ञानेश्वरी? तू हिच्याबरोबर?"

"हो सर. मी तिच्या कोपऱ्यात आहे." गप्प राहायचे ठरले होते, तरीही बोलले. तो निबंध म्हणून दाखवला. 'हायत'सकट. समुद्रासकट. शेवटी म्हटले, "सर, हे हसण्यासारखे नव्हते." आणि त्यापुढे क्षमस्व म्हटले नाही.

लायबा तोंड उघडणार, एवढ्यात सरांनी नवा चष्मा काढून टेबलावर ठेवला. "क्षमस्व, लायबा."

"मी पण, सर," ती म्हणाली.

फाटकाबाहेर आल्यावर ती माझ्या कानाशी लागली : "सर बोलले ते साफ होतं हां, ताई. तुमच्यासारखं शिंकले नाय!"